ओढायचा हूक कुठला, बांधायचा कुठला?

तिरुवल्लिकेणीत राहतो, मरीनाची वाळू चालत जाण्याइतकी जवळ. ती पाहिली की नोकरीतली एक दुपार आठवते. रेतीत रुतलेली जिप्सी ओढताना तिचा हूक तुटला आणि ओढणाऱ्या गाडीची मागची ताडपत्री फाडून आत घुसला. मागे कोणी बसलं नव्हतं, म्हणून निभावलं. चूक आमचीच. तो हूक गाडी ट्रकवर बांधून नेण्यासाठी होता, ओढण्यासाठी नव्हता.

म्हणून आधी गाडीखाली वाकून बघा. हूक थेट चासीला, ८.८ किंवा १०.९ दर्जाच्या बोल्टांनी बसवलेला हवा. बंपरच्या पत्र्याला नको. त्याची भारक्षमता लिहिलेली हवी. रुतलेली गाडी वाळू धरून ठेवते, त्यामुळे ओढायला गाडीच्या वजनाहून जास्त जोर लागू शकतो. दोन टनांच्या गाडीला दोन टनांत तुटणारा हूक काय कामाचा?

ट्रेलर जोडायच्या गोळ्याला पट्टा कधीच अडकवू नका. तो तुटला तर तोफगोळाच होतो.

आणि घाई नको. आधी फावडं चालवा, टायरमधली हवा कमी करा, मग ओढा. पट्ट्याच्या रेषेत माणूस उभा नको. गाडी उद्याही निघेल.