सहाय्यक विभागातली नायिका

रोहिणी हट्टंगडी यांच्या पुरस्कारांचं एक वाचन

1983 सालच्या मार्च-एप्रिलमध्ये रिचर्ड अ‍ॅटनबरो यांच्या 'गांधी' या चित्रपटामुळे दोन मराठी स्त्रियांना दोन मोठे आंतरराष्ट्रीय सन्मान मिळाले. कोल्हापूरच्या भानू अथैया यांना वेशभूषेचं ऑस्कर मिळालं, जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी यांना कस्तुरबांच्या भूमिकेसाठी ब्रिटिश अकादमीचा, म्हणजे बाफ्टा पुरस्कार मिळाला. भानूताईंचं ऑस्कर स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत गेलं. 'पहिली भारतीय' म्हणून ते शाळकरी मुलांनाही पाठ असतं. रोहिणीताईंच्या बाफ्टाची आठवण मात्र कोणीतरी करून द्यावी लागते, आणि ती झाली की 'हो, खरंच की!' म्हणून विषय पुढे सरकतो.

तो विषय इथे पुढे सरकू द्यायचा नाही. रोहिणीताईंना पडद्यासाठी मिळालेले तीन मोठे सन्मान शेजारी शेजारी मांडले की एक गोष्ट लगेच नजरेत भरते. 'गांधी'साठी बाफ्टा, 'अर्थ'साठी फिल्मफेअर आणि 'पार्टी'साठी राष्ट्रीय पुरस्कार, हे तिन्ही सहाय्यक अभिनेत्रीचे आहेत. याच काळात रंगमंचावर त्या नाटकाच्या केंद्रस्थानी उभ्या होत्या. एकाच अभिनेत्रीला एक माध्यम मध्यभागी उभं करतं आणि दुसरं कडेला, तेव्हा त्यातून तिच्यापेक्षा त्या माध्यमाबद्दलच जास्त कळतं. आणि कडेला उभं राहून तिने जे केलं, त्याची मुळं मध्यभागी उभं राहण्याच्या सवयीत आहेत, असं मला ठामपणे वाटतं.

पुरुषांच्या रंगमंचावर

पूर्वाश्रमीच्या रोहिणी ओक 1971 मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात दाखल झाल्या. इब्राहिम अल्काझी तेव्हा विद्यालयाचे संचालक होते. अभिनय शिकायला आलेल्याने प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, रंगभूषा हे सगळं हाताखालून घातलंच पाहिजे, अशी तिथली शिस्त होती. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी थोडेसे पुढे होते. तीन वर्षांनी बाहेर पडताना सर्वोत्कृष्ट अभिनेत्री आणि सर्वोत्कृष्ट अष्टपैलू विद्यार्थिनी हे दोन्ही मान रोहिणीताईंना मिळाले, तर दिग्दर्शनातला मान त्यांचे सहाध्यायी आणि पुढे पती झालेले जयदेव हट्टंगडी यांना.

या मानांपेक्षाही त्या वर्षांतले दोन प्रयोग महत्त्वाचे आहेत. जपानी दिग्दर्शक शोझो सातो यांनी बसवलेल्या 'इबारागी' या काबुकी नाटकात त्यांनी काम केलं आणि शिवराम कारंत यांच्या 'भीष्मविजय' या यक्षगानातही. या दोन्ही परंपरा पुरुषांच्या. काबुकीत तर सतराव्या शतकात स्त्रियांना मंचावर यायला बंदी झाली आणि स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांची वेगळी परंपरा उभी राहिली. अशा शैलीत वास्तववादी अभिनयाची पुंजी फारशी कामाला येत नाही. पाऊल कसं पडावं, मान किती वळावी, आवाज कुठून निघावा, हे सगळं शरीराला नव्याने शिकवावं लागतं. आपलं वय, आपला बांधा, आपली चाल बाजूला ठेवून दुसऱ्याच देहात उभं राहायचं हे शिक्षण पुढे कुठे उपयोगी पडणार होतं, ते त्या वेळी कोणाच्या ध्यानीमनीही नसणार.

दिल्लीहून मुंबईला आल्यावर हट्टंगडी दांपत्य 'आविष्कार'शी जोडलं गेलं. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी उभ्या केलेल्या या संस्थेने दादरच्या छबिलदास शाळेतल्या सभागृहाला प्रायोगिक नाटकाचं घर केलं. लोर्काच्या 'येर्मा'वर आधारलेलं 'चांगुणा' हे नाटक जयदेव यांनी बसवलं. त्यातल्या मुख्य भूमिकेसाठी रोहिणीताईंना राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं पारितोषिक मिळालं. 'येर्मा' ही मुलासाठी आसुसलेल्या बाईची शोकांतिका आहे. ज्याच्यापासून मूल हवं त्या नवऱ्याचाच ती शेवटी जीव घेते. हे नाटक अंगावर घेणाऱ्या नटीला पहिल्या प्रवेशापासूनच त्या शेवटाकडे तीळतीळ सरकावं लागतं. ही वाटचाल लक्षात ठेवावी. पुढे एका हिंदी चित्रपटात ती पुन्हा दिसते.

बा

'गांधी'चं चित्रीकरण नोव्हेंबर 1980 मध्ये सुरू झालं आणि मे 1981 मध्ये संपलं. कस्तुरबांच्या भूमिकेसाठी स्मिता पाटील यांच्याही नावाचा विचार झाला होता. निवड लंडनमधल्या चाचणीनंतर झाली. तेव्हा रोहिणीताईंचं वय तिशीच्या आसपासचं. पडद्यावर त्यांना दक्षिण आफ्रिकेतली तरुण पत्नी व्हायचं होतं आणि 1944 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये प्राण सोडणारी चौऱ्याहत्तर वर्षांची बासुद्धा. ही सगळी वर्षं बसवायची ती तीन तासांहून थोड्याच लांब चित्रपटात, आणि तीही आयुष्यभर दुसऱ्याच्या मागे दोन पावलं चालणाऱ्या व्यक्तिरेखेतून.

एक प्रसंग जवळून पाहू. आफ्रिकेतल्या आश्रमात सर्वांनी पाळीपाळीने शौचकूप साफ करायचा नियम आहे. बाची पाळी आली आहे आणि ती नाही म्हणते. हे आपलं काम नव्हे, अशी तिची जन्मापासूनची समजूत आहे. नवरा आधी समजावतो, मग चिडतो, दंडाला धरून तिला दाराबाहेर काढू लागतो. इथे अनेक नट्यांनी आकांत केला असता. रोहिणीताईंची बा आधी संतापते, मग अपमानित होते, मग लाज नाही वाटत का असं विचारते. आणि नवरा भानावर येऊन खचतो तेव्हा त्याची समजूत काढायला तीच पुढे होते. तू माणूस आहेस, असं सांगते. आणि जाता जाता, आता मला ते शौचकूप साफ करायला गेलं पाहिजे, असंही सांगून टाकते. ती हरलेली नाही आणि तिच्यावर जबरदस्तीही झालेली नाही. निर्णय तिचा आहे, हे त्या एका वाक्याच्या फेकीतून कळतं. काही मिनिटांत नकारापासून स्वीकारापर्यंतचा पल्ला ती गाठते. बेन किंग्सले यांच्या गांधींना त्या प्रसंगात मोठं व्हायला वाव मिळतो, तो समोरची बा आधी मोठी होते म्हणून.

दुसरा प्रसंग पोरबंदरचा. परदेशी पत्रकारासमोर हे वयस्क जोडपं आपल्या लग्नातल्या सप्तपदीची वचनं पुन्हा म्हणून दाखवतं. संवाद जवळजवळ मंत्रासारखे, हालचाल मोजकी, भोवती निवांतपणा. असा प्रसंग सहज गोडमिट्ट होऊ शकतो. इथे बाच्या चेहऱ्यावर थोडी लाज आहे, थोडा मिस्कीलपणा आहे आणि बालपणी लागलेल्या लग्नाला निभावून नेल्याचा शांत अभिमान आहे. भानू अथैया यांच्या साध्या साड्या इथे अभिनयाच्या हातात हात घालून चालतात. डोक्यावरचा पदर किती पुढे ओढायचा आणि केव्हा मागे सारायचा, यातून बाचं वय आणि तिचा मान दोन्ही कळत जातात.

बाफ्टाच्या त्या समारंभात 'गांधी'ला पाच पुरस्कार मिळाले. सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दोघींत विभागला गेला. दुसऱ्या होत्या 'रेड्स'मध्ये एमा गोल्डमन साकारणाऱ्या मॉरीन स्टेपलटन. स्टेपलटन या ब्रॉडवेच्या रंगमंचावर नाव कमावलेल्या नटी. नाटकातून आलेल्या दोन स्त्रिया त्या दिवशी एका ओळीत उभ्या राहिल्या, याला मी निव्वळ योगायोग मानत नाही. मोजक्या प्रसंगांत पूर्ण आयुष्य उभं करायची सवय रंगमंच लावतो. ऑस्करमध्ये 'गांधी'ला आठ पुरस्कार मिळाले, पण त्या अकादमीच्या नामांकनांतही बा नव्हती. त्यामुळे ब्रिटिश अकादमीच्या नजरेचं मोल आणखी वाढतं.

कडेची जागा

हिंदी चित्रपटातल्या सहाय्यक अभिनेत्रीच्या पुरस्काराला मराठी नावांची मोठी परंपरा आहे. फिल्मफेअरने 1955 मध्ये हा विभाग सुरू केला आणि पहिला मान 'बादबान'साठी उषा किरण यांना मिळाला. 'अनाडी'साठी ललिता पवार, 'आरती' आणि 'गुमराह'साठी शशिकला, 'बिदाई'साठी दुर्गा खोटे. यांतल्या बहुतेक जणी कधी ना कधी नायिका होत्या. वय वाढलं, किंवा नायिकेचं ठरीव रूप बदललं, आणि त्यांच्यासाठी आई, सासू, खलनायिका, शेजारीण एवढीच दालनं उघडी राहिली. रोहिणीताईंच्या बाबतीत तर वय वाढायचीही वाट पाहिली गेली नाही. 'सारांश' (1984) मध्ये मुलाच्या मृत्यूने भेदरलेल्या वृद्ध पार्वती प्रधान त्यांनी उभ्या केल्या, तेव्हा त्या आणि त्यांचे पडद्यावरचे पती अनुपम खेर दोघेही तरुणच होते. 'अग्निपथ' (1990) मध्ये त्या अमिताभ बच्चन यांच्या आई झाल्या. अमिताभ त्यांच्याहून वयाने मोठे.

तरीही या कडेच्या जागेतून त्यांनी काय काढलं ते 'अर्थ'मध्ये दिसतं. महेश भट्ट यांच्या या चित्रपटात शबाना आझमी यांच्या पूजाची कथा मुख्य आहे. तिच्या घरी काम करणारी बाई मुलीला चांगल्या शाळेत घालायचं म्हणून पैसा पैसा साठवते. दारुडा नवरा ते पैसे चोरतो आणि ती त्याचा खून करते. 'येर्मा'मध्ये ज्या टोकाला पोहोचायला अख्खं नाटक हाताशी असतं, तिथे इथे जेमतेम काही प्रसंगांत पोहोचायचं होतं. तो राग एका दिवसाचा नाही, वर्षानुवर्षं साचलेला आहे, हे त्या बाईच्या नुसत्या वावरण्यातून आधीच कळलेलं असतं. म्हणून ती घटना बातमीसारखी अंगावर येऊन न पडता शोकांतिकेसारखी घडते. तुरुंगात गेल्यावरही तिची काळजी एकच, मुलीचं काय होणार. पूजा त्या मुलीला जवळ करते आणि चित्रपटाचा शेवट त्यातूनच घडतो. म्हणजे ज्या पात्राला आपण सहाय्यक म्हणतो, त्याच्याशिवाय नायिकेला आपला अर्थ सापडत नाही. 1984 च्या फिल्मफेअरमध्ये शबाना आणि रोहिणी दोघींचा सन्मान झाला, हे योग्यच झालं.

राष्ट्रीय पुरस्कारांत सहाय्यक अभिनयाचे विभाग मात्र बरेच उशिरा, 1984 सालच्या चित्रपटांपासून आले. अभिनेत्रींमध्ये पहिला मान 'पार्टी'तल्या मोहिनी बर्वेसाठी रोहिणीताईंना मिळाला. महेश एलकुंचवार यांच्या नाटकावरून गोविंद निहलानी यांनी केलेला हा चित्रपट एका रात्रीत घडतो. विजया मेहता, मनोहर सिंग, अमरीश पुरी, ओम पुरी, शफी इनामदार अशी रंगभूमीवर तावूनसुलाखून निघालेली माणसं त्यात आहेत. मोहिनी ही प्रसिद्ध नाटककाराच्या सावलीत विझत गेलेली, दारूत बुडालेली पूर्वीची अभिनेत्री. दारूची धुंदी दाखवणं सोपं. धुंदीतही आपल्या वाया गेलेल्या कलेचं भान असलेली बाई दाखवणं अवघड. मोहिनीने सोडलेलं काम न सोडलेल्या अभिनेत्रीलाच तिची वेदना इतकी नेमकी कळावी, यात या भूमिकेचं सगळं बळ आहे.

पुरस्कारांत न मावलेलं

'गांधी'चं चित्रीकरण संपलं त्याच वर्षी, 1981 मध्ये, रोहिणीताईंनी विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'मध्ये मित्राची भूमिका केली. विनय आपटे यांचं दिग्दर्शन होतं. स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीची ही व्यथा तेव्हाच्या मराठी प्रेक्षकाला पचणं अवघड होतं. एकाच वर्षात पतिव्रतेचा आदर्श मानली गेलेली बा आणि समाजाने नाकारलेली मित्रा, दोघींनाही सारख्याच निष्ठेने उभं करणं हे त्यांच्या कारकिर्दीतलं सर्वांत धाडसी पान आहे. बासाठी लंडनचा पुरस्कार आहे. मित्रासाठी ज्यांनी प्रयोग पाहिला त्यांच्या आठवणी. पुढे जयदेव यांनी बसवलेल्या 'अपराजिता'मध्ये त्यांनी एकटीने रंगमंच पेलला. दूरचित्रवाणीवर 'चार दिवस सासूचे'च्या तीन हजारांहून अधिक भागांनी त्यांना घराघरांत नेलं. मधल्या काळात तेलुगूत 'सीतारामय्यागारी मनवरालु'सारखे चित्रपटही झाले.

रंगभूमीवरच्या या सगळ्या कामाची दखल संगीत नाटक अकादमीने 2004 च्या पुरस्काराने घेतली. त्यानंतर वीस वर्षांनी, 2024 मध्ये, अखिल भारतीय मराठी नाट्य परिषदेने अशोक सराफ यांच्याबरोबर त्यांना जीवनगौरव जाहीर केला. बाफ्टानंतर चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. घरच्या माणसांनी उशिरा केलेलं कौतुकही कौतुकच असतं; पण एवढा उशीर एका रोहिणीताईंच्याच वाट्याला आलेला नाही.

'गांधी', 'अर्थ', 'पार्टी' आज कोणीही लावून पाहावे आणि पुरस्कार रास्त होता की नाही ते स्वतः ठरवावं. 'चांगुणा' आणि 'मित्राची गोष्ट' यांचे ते प्रयोग तसे लावून पाहता येणार नाहीत. नाट्यस्पर्धेचं पारितोषिक म्हणून अधिक मोलाचं ठरतं, कारण विरून गेलेल्या कामाचा तो लेखी पुरावा असतो. आणि नेमका हाच पुरावा आपण सगळ्यांत कोरडा ठेवतो: नाव, वर्ष, नाटक, संपलं. परीक्षकांनी त्या रात्री काय पाहिलं, कोणत्या प्रवेशाने त्यांचा निर्णय झाला, हे कुठेच उमटत नाही.

हे बदलणं आपल्या हातात आहे आणि त्याला फार पैसाही लागत नाही. राज्य नाट्य स्पर्धेने, नाट्य परिषदेने आणि गावोगावच्या पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी प्रत्येक अभिनय पारितोषिकाबरोबर परीक्षकांचं सविस्तर टिपण छापावं. 'आविष्कार'च्या त्या काळातले साक्षीदार, कलावंत आणि प्रेक्षक, आपल्यात आहेत तोवर त्यांच्याकडून प्रयोगांची तपशीलवार वर्णनं ध्वनिमुद्रित करून घ्यावीत. जीवनगौरवाच्या समारंभात शाल, श्रीफळ आणि भाषणांना जेवढा वेळ जातो, त्यातला अर्धा तास त्या कलावंताने एखादी भूमिका कशी उभी केली हे त्याच्याच तोंडून ऐकण्यासाठी राखून ठेवावा. रोहिणी हट्टंगडी यांच्यासारख्या अभिनेत्रीचा खरा गौरव त्यातूनच होईल, आणि पुढच्या पिढीतल्या एखाद्या मुलीला बा किंवा चांगुणा करायची वेळ येईल तेव्हा तिला कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागणार नाही.