कंदुवट्टीचा विळखा आणि तामिळनाडूचा कायदा

कर्ज घेणे हा गुन्हा नाही. परंतु गरजेचा गैरफायदा घेऊन अवाजवी व्याज उकळणे हा तामिळनाडूत २००३ पासून दंडनीय अपराध आहे. ‘तामिळनाडू अवाजवी व्याज आकारणी प्रतिबंध अधिनियम, २००३’ हा तो कायदा होय. सावकारी हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्य सूचीत येत असल्याने त्यासंबंधीचे कायदे राज्यागणिक वेगळे आहेत.

व्याजाचे खरे गणित

तमिळ भाषेत ‘वट्टी’ म्हणजे व्याज. कंदुवट्टी, मीटर वट्टी, तंडल ही अवाजवी व्याजाच्या प्रकारांची प्रचलित नावे असून या कायद्याने त्यांची दखल घेतली आहे. चेन्नईच्या कोयंबेडू बाजारात भाजी घेऊन ती गल्लोगल्ली विकणाऱ्यांना भांडवल पहाटे लागते आणि ते संध्याकाळी सुटे होते. इतक्या अल्प मुदतीचे, विनातारण कर्ज देण्यास बँका सहसा तयार नसतात. ती पोकळी तंडलवाला भरून काढतो.

समजा, त्याने १,००० रुपयांच्या कर्जातून १५० रुपये आधीच कापून हाती ८५० रुपये ठेवले आणि रोज १० रुपयांप्रमाणे १०० दिवस वसुली केली. वरकरणी हे व्याज १५ टक्के भासते. प्रत्यक्षात मुद्दल रोज फिटत जात असल्याने वार्षिक दर सुमारे १२० टक्के पडतो! हप्ता चुकला की दंडव्याज सुरू होते आणि रिक्षाच्या मीटरप्रमाणे आकडा चढत राहतो.

कायदा काय सांगतो?

राज्य शासनाने सावकारी कायद्यान्वये ठरवून दिलेल्या कमाल दराहून अधिक व्याज आकारण्यास या कायद्याने मनाई केली आहे. उल्लंघन करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ३० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ऋणको मुद्दल व वैध दराचे व्याज न्यायालयात भरून कर्ज फिटल्याची नोंद करून मागू शकतो. ऋणकोने किंवा त्याच्या कुटुंबीयाने आत्महत्या केली आणि तत्पूर्वी सावकाराने छळ केल्याचे दिसून आले, तर अन्यथा सिद्ध होईपर्यंत सावकाराने त्यास प्रवृत्त केले असे गृहीत धरले जाते. एरवी फिर्यादी पक्षावर असणारा पुराव्याचा भार येथे सावकाराकडे सरकतो, हे या कायद्याचे वैशिष्ट्य आहे.

अंमलबजावणीची कसोटी

ऑक्टोबर २०१७ मध्ये तिरुनेलवेलीच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात एका मजूर दांपत्याने दोन चिमुकल्या मुलींसह जीवन संपविले. व्याजाच्या तगाद्याविरुद्ध या कुटुंबाने वारंवार अर्ज केले होते. त्या वेळी कायदा होऊन चौदा वर्षे उलटली होती. उणीव तरतुदीची नव्हती. तक्रारीची वेळीच दखल घेण्याची होती. २०२५ मध्ये तामिळनाडू विधानसभेने कर्जवसुलीतील जबरदस्तीला आळा घालणारा आणखी एक कायदा संमत केला. त्याचीही कसोटी हीच राहील.

महाराष्ट्राचा अनुभव

मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. १८७५ मध्ये सुपे येथून भडकलेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची खतेपत्रे जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन कृषक साहाय्य कायदा आला. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी (नियमन) अधिनियमात विनापरवाना सावकारीस पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करण्यासही मनाई आहे. हे आपल्या जुन्या ‘दामदुपटी’चेच तत्त्व होय.

नागरिकांनी काय करावे?

कोऱ्या कागदावर वा धनादेशावर सही करू नये. हाती आलेली रक्कम आणि दिलेला प्रत्येक हप्ता तारखेसह लिहून ठेवावा. धमकी आल्यास पोलीस ठाण्यात लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. महिला तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

तथापि, केवळ शिक्षेच्या भीतीने सावकारी संपत नाही. गरज कायम राहिली तर बंदीमुळे व्यवहार अधिक गुप्त आणि व्याज अधिक चढे होण्याचा धोका असतो. १९८९ मध्ये धर्मपुरी जिल्ह्यातून तामिळनाडूत रुजलेली महिला बचत गटांची चळवळ याच कारणास्तव महत्त्वाची ठरते. पहाटेच्या भांडवलाची रास्त दरात सोय झाली, तरच विक्रेत्याची पावले तंडलवाल्याच्या दाराकडे वळणार नाहीत. कायदा आणि पतपुरवठा ही एकाच रथाची दोन चाके आहेत.