चरबी प्यायलेला चेंडू

वैद्यकीय सिलिकोनची एक पट्टी घ्या. दोन्ही टोकांना रुंद, मध्ये बारीक, डंबेलच्या आकाराची. ती ताणयंत्राच्या जबड्यांत पकडा आणि दुप्पट लांब होईपर्यंत ओढा. किती जोर लागला ते लिहून ठेवा आणि सोडा. आता तीच पट्टी पुन्हा तितकीच ओढा. या खेपेला जोर कमी लागतो! तुटलेलं तर काहीच दिसत नाही. बरं, तिसऱ्यांदा तिला आधीच्या हद्दीपलीकडे नेऊन पाहा. हद्द ओलांडली रे ओलांडली, की पट्टी पुन्हा पहिल्यासारखा ताठा दाखवते. म्हणजे आजवर आपल्याला कुठपर्यंत ओढलं गेलंय, याची नोंद हा पदार्थ स्वतःच्या पोटात ठेवतो. याला मलिन्स परिणाम म्हणतात. १९४०च्या दशकात रबरावर काम करणाऱ्या लेनर्ड मलिन्स यांचं हे नाव.

ही नोंद राहते कुठे?

सिलिकोनच्या रेणूचा कणा म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे एकाआड एक अणू. वाळूतही हीच दोन मूलद्रव्यं. पण वाळूत त्यांचं चहूबाजूंनी घट्ट जाळं, आणि इथे लांबच लांब साखळ्या, शिजवलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. त्यांना जागोजागी रासायनिक गाठी मारल्या की रबर तयार. मात्र हे नुसतं रबर अगदीच लेचंपेचं असतं. त्याला बळ यावं म्हणून त्यात काय मिसळतात? सिलिकाची कमालीची बारीक पूड. म्हणजे पुन्हा वाळूचाच पदार्थ! साखळ्या या कणांना चिकटतात आणि ताकद कैक पटींनी वाढते. पहिल्या ताणात काही साखळ्या कणांवरून सुटतात, सरकतात. पट्टीची आठवण ती हीच.

शरीरात बसणाऱ्या वस्तूला पहिला ताण एकदाच मिळतो, पुढचे लाखो. म्हणून जाणकार नमुना आधी काही वेळा ताणून रुळवून घेतात आणि मगच आकडे टिपतात.

पण ओढून तुटण्यापेक्षा फाटण्याची धास्ती मोठी. नैसर्गिक रबर जोरात ताणलं की त्याच्या साखळ्या ओळीत येऊन स्फटिक बनतात आणि चिरेच्या टोकाशी ते आपोआप मजबूत होतं. शरीराच्या तापमानाला सिलिकोनला हे जमत नाही. अमेरिकेतले डॉ. आल्फ्रेड स्वॉन्सन यांनी १९६०च्या दशकात संधिवाताने निकामी झालेल्या बोटांसाठी सिलिकोनचे सांधे बनवले. सगळा सांधा एकसंध तुकड्याचा, ना खिळा ना बिजागरी, नुसता वाकणारा. कल्पना सुंदरच. पण हाडाची धारदार कड लागून बारीक चीर पडली, की पुढे बोटं मिटता-उघडताना ती वाढत जाई. १९७०च्या दशकात फाटण्याला जास्त दाद न देणारं सिलिकोन आलं. फाटण्याच्या चाचणीत नमुन्याला मुद्दाम खाच पाडतात ती यासाठीच. धडधाकट पट्टीचा पराक्रम पाहून काय करायचंय?

आता काळाचा प्रश्न. हृदय दिवसाला साधारण एक लाख ठोके देतं, वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त. टणक भागांच्या कृत्रिम झडपेसाठी आजचं आंतरराष्ट्रीय मानक ४० कोटी उघडझापा मागतं. खऱ्या हृदयाच्या वेगानं याला सुमारे अकरा वर्षं लागतील, तोवर रुग्णानं थांबायचं का? मग चाचणी घेणाऱ्या यंत्राचा वेग वाढवायचा. सेकंदाला २० उघडझापा केल्या, तरी जवळजवळ आठ महिने ते अहोरात्र चालतं. याहून घाई केली तर? सिलिकोन इथे फसवतं. भराभर ताणलं की आतल्या घर्षणानं ते तापतं, शिवाय वेगाबरोबर जास्त ताठर वागतं. म्हणजे तुम्ही भलत्याच पदार्थाची परीक्षा घेत बसता.

आणि यंत्राला अजिबात न दिसणारीही एक गोष्ट आहे. १९६० साली ओरेगन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये शल्यविशारद अल्बर्ट स्टार यांनी एका रुग्णाच्या हृदयात झडप बसवली: धातूच्या पिंजऱ्यात सिलिकोनचा छोटा चेंडू. प्रत्येक ठोक्याला तो पुढे उडे, मागे बसे आणि रक्ताची वाट उघडे-मिटे. ही झडप घडवली होती लोवेल एडवर्ड्स या निवृत्त अभियंत्यानं. या गृहस्थाला खरं तर अख्खं कृत्रिम हृदयच करायचं होतं. स्टार म्हणाले, आधी झडप करू!

झडप चालली, हजारो लोकांना बसली. आणि काही वर्षांनी काही रुग्णांतले चेंडू पिवळे पडलेले, फुगलेले, तडकलेले सापडू लागले. काही तर पिंजऱ्यातच अडकले. ठोक्यांनी झिजले म्हणावं, तर फुगले कसे? पाण्याला दारात उभं न करणारं सिलिकोन तेलाला मात्र खुशाल आत घेतं. चेंडू रक्तातली चरबी पीत होते! आणि गंमत अशी, की सगळेच नव्हेत. रबर पक्कं करण्याची प्रक्रिया कशी झाली, त्यावर कोणता चेंडू किती चरबी पिणार हे ठरत होतं. चाचणी-यंत्रातल्या मिठाच्या पाण्यात कितीही कोटी वेळा हलवून हे कळलं नसतं. तिथे प्यायला चरबीच नव्हती.

१९६०च्या दशकाच्या मध्यावर ती प्रक्रिया सुधारली आणि ही तक्रार जवळजवळ मिटली. या झडपा थेट २००७पर्यंत बनत राहिल्या. काही रुग्णांत त्या ४० वर्षांहून जास्त चालल्या आहेत. हिशेब करा: जवळजवळ १५० कोटी ठोके.