मुलांच्या हाती काय दिलं?

नाशिक जिल्ह्याच्या सुरगाणा तालुक्यातल्या एखाद्या पाड्यावर ख्रिस्ती घरं थोडीच असली, तरी ती सगळी एकाच मंडळीची असतील असं नाही. कुणी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे, कुणी कॅथलिक, कुणी पेंटेकॉस्टल, तर कुणी घरात भरणाऱ्या स्वतंत्र प्रार्थना सभेला जाणारे. काकाचं घर एका मंडळीत, मामाचं दुसऱ्या. पोरं आठवडाभर एकाच आश्रमशाळेत, एकाच पंगतीला जेवतात आणि रविवारी त्यांच्या वाटा वेगळ्या होतात. आपण सगळे येशूचे, तर मग उपासना वेगळी का, हा प्रश्न त्यांना पडणारच.

त्या प्रश्नाला उत्तर देण्याचे प्रयत्न मराठी मुलखात दीडशे वर्षांपासून चालत आले आहेत. त्यांचा मागोवा घेताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. ‘एक व्हा’ असं सांगून थोडंच साधलं. मुलांच्या हाती जे एकत्र दिलं, म्हणजे एक गाणं, एक धडा, एक काम, त्याने पुष्कळ साधलं.

सुरुवात नाशिकपासूनच करावी लागते. १८५० च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटी या अँग्लिकन संस्थेने नाशिकजवळ शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत वसवली. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना तिथे आसरा, शाळा आणि हातकाम मिळालं. त्यांच्यापैकी एक जेकब वेनराइट. १ मे १८७३ रोजी आजच्या झांबियात डेव्हिड लिव्हिंगस्टन वारले, तेव्हा तो त्यांच्या सोबत्यांत होता. लिव्हिंगस्टन स्कॉटलंडचे मिशनरी आणि प्रवासी, काँग्रिगेशनल परंपरेत वाढलेले. सोबत्यांनी त्यांचं हृदय तिथल्याच एका झाडाखाली पुरलं. नाशकात शिकलेल्या वेनराइटने अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. मग देह घेऊन ही माणसं महिनोन्‌महिने चालत समुद्रकिनाऱ्याला आली. त्यांच्यातल्या जेम्स चुमाला मुंबईत फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या डॉ. जॉन विल्सन यांनी बाप्तिस्मा दिला होता. त्यांच्यातल्याच अब्दुल्ला सुसीचा बाप्तिस्मा तर तोवर झालाच नव्हता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंगस्टन यांचं दफन झालं. वेगवेगळ्या मंडळ्यांच्या आणि ख्रिस्ती धर्माबाहेरच्याही माणसांनी एका मृताला खांदा दिला, ही गोष्ट नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक शब्बाथ शाळेत, म्हणजे संडे स्कूलमध्ये, सांगण्यासारखी आहे, कारण ती आपल्या जिल्ह्याचीही आहे.

मिशनांची त्या काळातली व्यवस्था मात्र वेगळेपणाचीच होती. एकमेकांच्या वाटेत येऊ नये म्हणून त्यांनी ढोबळपणे मुलूख वाटून घेतले होते: नाशकात चर्च मिशनरी सोसायटी, नगरला अमेरिकन मराठी मिशन, जालन्याला स्कॉटिश, कोल्हापूरला अमेरिकन प्रेस्बिटेरियन. नगर जिल्ह्यात एकाहून अधिक मिशनं आली आणि तिथे रस्सीखेचही झाली. या वाटणीमुळे भांडणं कमी झाली, पण नाशिकच्या ख्रिस्ती मुलाला कोल्हापूरचा ख्रिस्ती मुलगा कसा प्रार्थना करतो हे कळायची सोयच उरली नाही.

ती उणीव थोडीफार भरून काढली ती मुलांसाठी चाललेल्या कामाने. १८७२ मध्ये अमेरिकेत अनेक मंडळ्यांनी मिळून ठरवलं, की एका रविवारी सगळ्या संडे स्कूलांत बायबलचा एकच पाठ शिकवायचा. १८७६ मध्ये अलाहाबादेत इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली, तीही कोणा एका मंडळीची नव्हती. मोठ्यांची, धर्मपंडितांची चर्चा पुढे अर्धं शतक अडखळत चालली, पण मुलांचा धडा त्याआधीच एक झाला होता.

मराठीत हे काम सर्वांत खोलवर केलं ते गाण्याने. रेव्ह. नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांनी शेकडो भजनं रचली, ती अभंगाच्या आणि ओवीच्या चालीवर. ‘उपासना संगीत’ या संग्रहातून ती काँग्रिगेशनल, अँग्लिकन, मेथडिस्ट अशा कितीतरी मंडळ्यांत पोचली. लहान मूल वाचायला शिकण्याआधी ऐकून गायला शिकतं. गाणाऱ्या मुलाला टिळक कोणत्या मिशनचे होते हे ठाऊक नसतं आणि त्यामुळे त्याचं काही अडतही नाही. टिळकांना मिशनांच्या कुंपणांचा त्रास शेवटपर्यंत झाला. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तसमुदाय उभा केला आणि बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही त्यात जागा दिली. १९१९ मध्ये ते गेले. नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे पूर्ण केलं.

मोठ्यांची चर्चा १९२९ पासून गंभीरपणे सुरू झाली आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात फळाला आली. अँग्लिकन, काँग्रिगेशनल व प्रेस्बिटेरियन यांची संयुक्त मंडळी, ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट, बॅप्टिस्ट, ब्रदरेन आणि डिसायपल्स अशा सहा मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एक झाल्या. त्या दिवशीच्या विधीत वेगवेगळ्या परंपरांच्या सेवकांनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना केली. कुणी कुणाला आपल्यात ओढून घेतलं नाही. सगळ्यांनी एकमेकांकडून स्वीकारलं. बाप्तिस्म्याचा प्रश्न तर फार मोठा होता. अँग्लिकन तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात. बॅप्टिस्ट आणि ब्रदरेन कळत्या वयात, पाण्यात बुडवून. नव्या मंडळीने दोन्ही पद्धती राखल्या. एकत्र यायला सारखं व्हावं लागत नाही, हे मुलांना दाखवायला याहून नेमकं उदाहरण आपल्याकडे नाही.

या कथेची दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया ऐन वेळी या ऐक्यातून बाहेर राहिलं. सुरगाण्याच्या सीमेपलीकडे डांगमध्ये, आहव्याला, ब्रदरेन मिशनचं काम १९०७ पासूनचं. गुजरातेतल्या काही ब्रदरेन लोकांना विलीनीकरण मान्य झालं नाही आणि मालमत्तेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. कागदावर झालेलं ऐक्य मनात उतरायला पिढ्या लागतात. म्हणूनच मुलांची शिकवण महत्त्वाची.

कॅथलिकांच्या बाजूने दार उघडलं ते दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी तिने ख्रिस्ती ऐक्यावरचा जाहीरनामा संमत केला आणि इतर मंडळ्यांच्या लोकांना बंधू म्हटलं. १९८७ मध्ये नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत झाला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आणि ते मराठी वाचकांच्या घरांत मंडळीचा विचार न करता गेलं. दरवर्षी १८ ते २५ जानेवारी हा ख्रिस्ती ऐक्याचा प्रार्थना सप्ताह जगात बहुतेक ठिकाणी पाळला जातो. २०१३ च्या सप्ताहाचं साहित्य भारतातल्या तरुणांनी तयार केलं होतं: स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट आणि कॅथलिक विद्यार्थ्यांची आयकफ यांनी मिळून. त्यांनी विषय निवडला तो न्यायाचा, आणि जातीच्या अन्यायावर, दलित ख्रिस्ती बांधवांच्या दुःखावर बोट ठेवलं. ऐक्य कशासाठी, याचं उत्तर त्यात होतं.

आता सुरगाण्याचा विचार करू. इथली कुटुंबं नागली-भाताचा हंगाम आटोपला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात. तिथे मूल कोणत्या मंडळीचं, हे कुणी विचारत नाही. इथे पाड्यावर मात्र मंडळीमंडळींतल्या ताणाचा पहिला बळी नात्यागोत्यातला जिव्हाळा असतो. मुलांना ‘ते खरे ख्रिस्ती नाहीत’ हे वाक्य घरातूनच ऐकायला मिळालं, तर पुढचा कोणताही धडा ते पुसू शकणार नाही.

म्हणून काही गोष्टी नेटाने कराव्यात. नाताळात निदान एक कार्यक्रम सगळ्या मंडळ्यांच्या मुलांनी मिळून बसवावा. जानेवारीच्या त्या सप्ताहात मुलांना एकमेकांच्या उपासनेला न्यावं आणि तिथल्या पाळकांनी वा फादरांनीच त्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यावीत. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अजून एका प्रभुभोजनाच्या मेजावर बसत नाहीत, हेही स्वच्छ सांगावं. मुलांना खरं पेलतं. त्यांना न पेलणारी गोष्ट म्हणजे मोठ्यांचं दुटप्पी वागणं.

आणखी एक. ख्रिस्ती ऐक्य म्हणजे बाकीच्यांविरुद्ध फळी नव्हे. त्याच पाड्यावर डोंगऱ्यादेवाला जाणारे चुलत भाऊ राहतात, तेही आपलेच. लिव्हिंगस्टनचा देह वाहून आणताना बाप्तिस्मा झालेला चुमा आणि न झालेला सुसी सोबतच चालले. ज्या मुलाला हे कळलं, त्याला ऐक्याचा अर्थ कळला, आणि हे त्याला शिकवण्याची जबाबदारी पाळक, फादर, शब्बाथ शाळेच्या ताई आणि आईबाप या सर्वांची मिळून आहे.