मॅगझिन काढले, तरी पिस्तूल भरलेलेच?

अमेरिकेत बंदुकांची सार्वजनिक प्रदर्शने भरतात. मोठ्या दालनात टेबले मांडून विक्रेते बसतात. लोक बंदुका हाताळून पाहतात, विकत घेतात, जवळची जुनी बंदूक विकायलाही आणतात. १९ जानेवारी २०१३ या एकाच दिवशी अशा तीन प्रदर्शनांत मिळून पाच जण जखमी झाले. कोणालाही इजा करण्याचा हेतू कोणाचाच नव्हता. मग गोळ्या सुटल्या कशा?

ओहायो राज्यातील मेडिना येथील घटना पाहू. नुकतेच विकत घेतलेले पिस्तूल एक विक्रेता तपासत होता. मॅगझिन काढलेले होते. चाप ओढला गेला आणि गोळी सुटली. ती जमिनीवर आपटून उसळली व त्याच्या मित्राला लागली.

याचे उत्तर पिस्तुलाच्या रचनेत आहे. मॅगझिनमध्ये काडतुसे एकावर एक रचलेली असतात व स्प्रिंग त्यांना वर ढकलते. पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढून सोडला की तो सर्वांत वरचे काडतूस नळीच्या मागील टोकाच्या कक्षात ढकलतो. हे काडतूस आता मॅगझिनमध्ये नसतेच. त्यामुळे मॅगझिन काढले तरी ते कक्षातच राहते. मॅगझिन नसताना चाप चालू नये अशी सोय काही पिस्तुलांत असते, पण अनेकांत नसते.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी मॅगझिन काढायचे, मग स्लाइड ओढून कक्ष रिकामा करायचा आणि तो प्रत्यक्ष पाहून खात्री करायची. क्रम उलटा झाला, तर कक्षातले काडतूस बाहेर पडते खरे, पण पुढे येणारी स्लाइड मॅगझिनमधले दुसरे काडतूस आत नेऊन बसवते!

आता थोडे गणित करू. ९ मिलिमीटर पिस्तुलाची सुमारे ८ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने सुटते. तिची गतिज ऊर्जा ½ × ०.००८ × ३५० × ३५०, म्हणजे ४९० जूल. एक किलोचे वजन ५० मीटर उंचीवरून खाली पडले, तर तेही एवढीच ऊर्जा मिळवते. तिरकी आपटलेली गोळी यातली सगळी ऊर्जा जमिनीला देत नाही. म्हणून उसळलेली गोळीही घातक ठरते.

त्याच दिवशी नॉर्थ कॅरोलिनातील रॅली येथे प्रवेशद्वारावर तपासणीसाठी पिशवीची चेन उघडताना शॉटगन उडाली आणि छऱ्यांनी तिघे जखमी झाले. म्हणजे दारावरची तपासणी आवश्यक असली तरी पुरेशी नाही. बंदूक घरूनच रिकामी करून आणणे, प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असे मानणे, नळीचे तोंड माणसांकडे न वळवणे, बोट चापापासून दूर ठेवणे हे नियम एकमेकांचे राखणदार आहेत. एक चुकला तर दुसरा वाचवतो.

हे तत्त्व आपल्या प्रयोगशाळेतही लागू पडते. प्लग काढला तरी धारित्रात विद्युतभार उरू शकतो. ‘पुरवठा तोडला’ आणि ‘आत काही उरले नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि दोन्ही वेगवेगळी तपासावी लागतात, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला हवे.