वाळवलेल्या कोळशाची किंमत

२००६च्या उन्हाळ्यात माझ्या भाच्याचा डेन्व्हरहून फोन आला. "मामा, घरासाठी साठवलेले पैसे एका कंपनीत घालावेत म्हणतोय. कोळसा स्वच्छ करणारी आहे. तुम्ही एकदा कागद बघा ना." बँकेच्या प्रकल्प-मूल्यमापन खात्यात माझी हयात गेली. कागद बघण्याखेरीज मला दुसरे येते तरी काय!

कंपनीचे नाव केएफएक्स. त्याच वर्षी पुढे ते एव्हरग्रीन एनर्जी झाले. वायोमिंगमधील जिलेट गावाजवळ तिने वर्षाला साडेसात लाख टन क्षमतेचा कारखाना उभारला होता. त्या मुलखातला कोळसा मुबलक आणि स्वस्त, गंधकही कमी; पण त्यात पाव हिश्श्याहून जास्त पाणी. उष्णता व दाब देऊन ते पाणी काढायचे, जाता जाता थोडा पाराही काढायचा, अशी ही प्रक्रिया. (आपल्या चंद्रपूरच्या कोळशाचे दुखणे निराळे. तिथे पाणी नव्हे, राख नडते. म्हणून ही विद्या आपल्याला जशीच्या तशी उपयोगाची नाही.)

अहवालात ठळकपणे छापले होते की कोळशाची उष्णता वाढते. इथेच मी थबकलो. शंभर टन ओला कोळसा घ्या, किलोमागे ४,७०० किलोकॅलरीचा. त्यातले बावीस टन पाणी काढा. उरलेला ७८ टन कोळसा किलोमागे सुमारे ६,००० किलोकॅलरी देईल. पण एकूण उष्णता? तेवढीच. उलट, वाळवण्यासाठी जाळावे लागलेले इंधन वजा करायचे. दूध आटवून घट्ट होते, म्हणून काही म्हशीचे दूध वाढत नाही.

मग गिऱ्हाईक जास्त पैसे का देईल? मुख्यतः वाहतुकीसाठी. हा कोळसा रेल्वेने दोन-दोन हजार किलोमीटर जातो आणि पाण्यालाही तेच भाडे पडते. टनाला वीस डॉलर भाडे धरले, तर बावीस टनांचे ४४० डॉलर वाचतात. ७८ टनांवर वाटले की टनामागे साडेपाच डॉलर. कमी पाऱ्याबद्दल गिऱ्हाईक वर जे देईल त्यातून प्रक्रियेचा सगळा खर्च भागतो, असे मी उदारपणे धरले. म्हणजे पूर्ण क्षमतेने चालल्यास वर्षाचा नफा साधारण ४१ लाख डॉलर. त्याची दहापट केली, तर कारखान्याची किंमत सुमारे चार कोटी.

बाजार त्या वेळी कंपनीला शंभर कोटी डॉलरहून अधिक किंमत देत होता. याचा अर्थ, अजून धड न चाललेल्या एका कारखान्यासोबत लोक न बांधलेले चोवीस विकत घेत होते. आणि ते बांधायला पैसा कुठून येणार? नव्या समभागांतून किंवा कर्जातून. म्हणजे भविष्यातला नफा आला, तरी आजच्या भागधारकाच्या वाट्याला त्याचा तुकडाच. लहान कंपनीत मी नफ्याआधी हेच बघतो: हातची रोकड किती महिने पुरेल आणि ती संपल्यावर कोणाच्या दारात जावे लागेल.

तिसरी शंका तांत्रिक होती. वाळवलेला असा कोळसा भुरभुरतो, हवेतले पाणी पुन्हा शोषतो, ढिगाऱ्यात आपोआप तापून पेटूही शकतो. प्रयोगशाळेतल्या नमुन्यावरून हे उमगत नाही; गाडीभर माल महिनाभर उघड्यावर पडला की कळते. म्हणून मी विचारले, "एकच गिऱ्हाईक तोच माल दुसऱ्यांदा, पूर्ण दराने मागतोय का?" अहवालात याचे समाधानकारक उत्तर मला सापडले नाही.

मी त्याला आकडा सांगितला. "मामा, तुमचं बँकेचं डोकं आहे," म्हणत तो आठ-दहा दिवस रुसला. समभाग मात्र घेतले नाहीत.

पुढचा क्रम जाहीर नोंदीतला आहे. २००७मध्ये कंपनीने साडेनऊ कोटी डॉलरचे परिवर्तनीय कर्जरोखे काढले, २००८मध्ये वायोमिंगचा कारखाना थांबवला आणि जानेवारी २०१२मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. मला याचे श्रेय घ्यायचे नाही, कारण माझ्या कागदावर एक गोष्ट नव्हतीच. शेल खडकांतल्या वायूने अमेरिकेत नैसर्गिक वायू इतका स्वस्त केला, की वीजकेंद्रे कोळशाकडेच पाठ फिरवू लागली. मी कोळशाची तुलना कोळशाशीच करत बसलो होतो. तो कागद अजून माझ्या खणात आहे. त्याच्या समासात 'वायू' हा शब्द मी नंतर, लाल शाईने लिहिला आहे.