परतल्या त्या चोवीस

१५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं. मराठी वाचकाला ही घटना आठवते ती आझाद हिंद सेनेमुळे, फेरर पार्कच्या मैदानावर जपान्यांच्या हवाली केलेल्या हजारो हिंदी सैनिकांमुळे. त्याच आठवड्यात त्याच बंदरातून ६५ ऑस्ट्रेलियन लष्करी परिचारिका बाहेर पडल्या होत्या. वॉर्ड जखमींनी भरलेले असताना रुग्णांना सोडून जायची त्यांची मुळीच तयारी नव्हती. हुकूम आला म्हणून १२ फेब्रुवारीला त्या 'व्हायनर ब्रूक' जहाजावर चढल्या.

दोन दिवसांनी सुमात्राजवळच्या बांका सामुद्रधुनीत जपानी विमानांनी ते जहाज बुडवलं. बारा जणी समुद्रातच गेल्या. मेट्रन ऑलिव्ह पाश्के त्यांतल्याच. उरलेल्या जणी तराफ्यांना, होड्यांना धरून वेगवेगळ्या किनाऱ्यांना लागल्या. त्यांतल्या, मेट्रन आयरीन ड्रमंड यांना धरून, बावीस जणी बांका बेटाच्या राजी किनाऱ्यावर पोहोचल्या. तिथे जमलेल्यांनी शरण जायचं ठरवलं. बहुतेक बायका आणि मुलं मुंतोक गावाकडे चालत निघाली. परिचारिकांनाही जाता आलं असतं, पण वाळूत जखमी पडलेले होते. त्या थांबल्या, आणि थांबल्या म्हणूनच मारल्या गेल्या. १६ फेब्रुवारीला जपानी सैनिक आले. आधी पुरुषांना खडकांपलीकडे नेऊन मारलं. मग परिचारिकांना समुद्रात चालत जायला लावलं आणि पाठीमागून मशीनगन चालवली. एकवीस जणी ठार झाल्या. सव्वीस वर्षांच्या व्हिव्हियन बुलविंकल यांच्या कमरेजवळून गोळी आरपार गेली. मेल्याचं सोंग घेऊन त्या पाण्यावर पडून राहिल्या आणि वाचल्या. पुढचे बारा दिवस त्यांनी जंगलात लपून किंग्सली नावाच्या जखमी ब्रिटिश सैनिकाची शुश्रूषा केली. अखेर दोघंही शरण गेली. किंग्सली थोड्याच दिवसांत दगावले.

छावणीत व्हिव्हियन यांना आपल्या सहकारी भेटल्या. त्यांना धरून बंदिवान परिचारिका झाल्या बत्तीस. राजी किनाऱ्यावर काय झालं ते सगळ्यांना कळलं आणि त्याच क्षणी ठरलं, याबद्दल पुन्हा बोलायचं नाही. कत्तलीला साक्षीदार उरला आहे हे जपान्यांना कळलं असतं तर व्हिव्हियन यांच्यासकट सगळ्यांच्याच जिवावर बेतलं असतं. व्हिव्हियन यांच्या गणवेशाला गोळीचं भोक होतं, त्यावर त्या पाण्याची बाटली अडकवत. बत्तीस जणींनी साडेतीन वर्षं हे गुपित सांभाळलं.

आधी मुंतोक, मग पालेंबांग, पुन्हा मुंतोक, शेवटी लुबुक लिंगाऊजवळचा बेलालाऊचा रबराचा मळा. या परिचारिका लष्करात अधिकारी होत्या, पण जपान्यांनी त्यांना युद्धकैदी न मानता नागरी कैद्यांत ठेवलं. पालेंबांगला त्यांना अधिकाऱ्यांच्या 'क्लबात' बोलावणं आलं, तेव्हा एकदोघींना न पाठवता त्या घोळक्यानं गेल्या, मुद्दाम मळकट, अवतार करून. त्या प्रसंगातून एकजुटीनं त्यांना वाचवलं. उपासमार, मलेरिया, आमांश आणि बेरीबेरी यांपुढे मात्र एकजूट पुरी पडेना. रोजचं काम पाणी वाहायचं, लाकडं फोडायची, शौचाचे खड्डे उपसायचे आणि मृतांसाठी कबरी खणायच्या. औषधं जवळजवळ नव्हतीच, आणि काय द्यायला हवं हे तर नेमकं माहीत. परिचारिकेला याहून मोठी शिक्षा नसेल.

पालेंबांगच्या छावणीत गाणंही झालं. मिशनरी मार्गारेट ड्रायबर्ग आणि नोरा चेंबर्स यांनी वाद्यवृंदाच्या रचना आठवणीतून कागदावर उतरवल्या आणि वाद्यांच्या जागी बायकांचे गळे वापरले. पहिला कार्यक्रम २७ डिसेंबर १९४३ ला झाला. गाणाऱ्यांत परिचारिकाही होत्या. पुढे गाणाऱ्याच इतक्या दगावल्या की ते थांबलं. ड्रायबर्गही एप्रिल १९४५ मध्ये गेल्या.

बत्तीसपैकी आठ परिचारिका १९४५ मध्येच, फेब्रुवारी ते ऑगस्ट या काळात गेल्या. शेवटच्या पर्ल मिटलहॉयझर. त्यांचा मृत्यू १८ ऑगस्टचा. जपाननं १५ तारखेलाच शरणागती जाहीर केली होती, आणि बेलालाऊच्या छावणीला ते सांगण्यात आलं २४ तारखेला. हे नऊ दिवस मला कधीच पचलेले नाहीत.

१६ सप्टेंबरला त्यांना न्यायला विमान आलं. सुटकेच्या दिवसासाठी जपून ठेवलेले जुने, विटलेले गणवेश त्यांनी चढवले. घ्यायला आलेल्या मेट्रन ॲनी सेज यांनी विचारलं, बाकीच्या कुठे आहेत? बाकीच्या नव्हत्या. पासष्टांपैकी चोवीस उरल्या होत्या.

घरी परतल्यावर सत्कार झाले. परतलेल्यांपैकी बेटी जेफ्री यांना बराच काळ रुग्णालयात काढावा लागला. त्यांनी छावणीत लपवून लिहिलेल्या डायरीवरून 'व्हाइट कूलीज' हे पुस्तक १९५४ मध्ये आलं. त्या आणि व्हिव्हियन व्हिक्टोरिया राज्यभर मोटारीनं फिरल्या, मृत सहकाऱ्यांच्या स्मरणार्थ परिचारिकांसाठी केंद्र उभारायला निधी गोळा केला. १९५० मध्ये मेलबर्नला ते उघडलं. व्हिव्हियन पुढे फेअरफिल्डच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयाच्या मेट्रन झाल्या. १९७५ मध्ये व्हिएतनाममधून अनाथ मुलांना आणण्याच्या कामातही त्या होत्या. या बायकांनी आपल्या दुःखाचं भांडवल केलं नाही, काम केलं. पण त्यामुळे त्यांना काही झालंच नव्हतं असं धरून चालणं सगळ्यांनाच सोयीचं गेलं.

डिसेंबर १९४६ मध्ये टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणापुढे व्हिव्हियन यांनी साक्ष दिली. गोळीबाराचं सगळं सांगितलं. मारण्याआधी परिचारिकांवर बलात्कार झाला होता, आणि ते सांगू नये असा सरकारी हुकूम त्यांना होता, असं इतिहासकार लिनेट सिल्व्हर यांनी २०१९ च्या पुस्तकात मांडलं. अखेरच्या वर्षांत व्हिव्हियन यांनी विश्वासातल्या माणसांशी ते बोलून दाखवलं होतं. मृतांच्या घरच्यांना यातना नकोत, हे त्या हुकुमामागचं कारण असेलही. पण छावणीतलं मौन बत्तीस जणींनी जगण्यासाठी स्वतः निवडलं होतं. हे दुसरं मौन एकीवर लादलेलं होतं आणि जाहीरपणे ते मरेपर्यंत टिकलं. या दोहोंना एकाच 'धीरोदात्त' शब्दात बसवणं मला अन्यायाचं वाटतं.

२०२३ मध्ये कॅनबेराच्या युद्धस्मारकाच्या आवारात व्हिव्हियन यांचा पुतळा उभा राहिला. गोळीचं भोक पडलेला तो गणवेश त्याच स्मारकाच्या संग्रहालयात आहे. जपानच्या कैदेतून आलेल्या हयात माजी युद्धकैद्यांना प्रत्येकी २५,००० डॉलर देण्याचा निर्णय ऑस्ट्रेलियन सरकारनं मे २००१ मध्ये जाहीर केला. व्हिव्हियन ३ जुलै २००० लाच गेल्या होत्या.